आतली गोळी, बाहेरची गोळी: सोलापुरातल्या कैद्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात माझं औषधाचं दुकान आहे. कोर्टाच्या तारखेहून परतणारी माणसं वाटेत थांबतात आणि प्रिस्क्रिप्शनच्या आधी प्रश्न पुढे करतात. वीसेक वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एका वहीत लिहून ठेवायला लागलो. खालचं बरंचसं त्या वहीतलं आहे. कायद्याचा भाग ओळखीच्या वकिलांनी वाचून दिला. डोस किती, हे मात्र डॉक्टरच सांगणार. तो मी काउंटरवरही सांगत नाही, इथेही सांगणार नाही.

रात्री पोलीस घेऊन गेले. रोजच्या गोळ्या घरीच राहिल्या. आता काय?

आधी तो पोलीस कोठडीत आहे की न्यायालयीन कोठडीत, हे विचारा. पोलीस कोठडी म्हणजे ठाण्याचं लॉकअप, न्यायालयीन कोठडी म्हणजे जेल. औषधाचा रस्ता दोन्हीकडे वेगळा.

लॉकअपमध्ये असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. कलम ५६ प्रमाणे आरोपीच्या तब्येतीची वाजवी काळजी घेणं, हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचं कर्तव्य आहे. तपासणीच्या वेळी आजाराचं नाव डॉक्टरांच्या कानावर आणि कागदावर गेलं पाहिजे. बरेच जण तिथेच चुकतात. डॉक्टर विचारतात, "काही त्रास?" आणि भेदरलेला माणूस म्हणतो, "काही नाही साहेब." फिट्सची गोळी आठ वर्षं चालू असते, पण कागदावर पडतं "काही नाही".

म्हणून घरच्यांनी ठाणे अंमलदारांना दोन ओळींचा अर्ज द्यावा: आजार, औषध, शेवटची गोळी कधी घेतली. पोच घ्यावी. चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, तेव्हा वकिलाला हेच तोंडी सांगायला लावा. आदेशात "आवश्यक औषधोपचार द्यावेत" एवढे तीन शब्द आले तरी पुढचं पुष्कळ सोपं होतं.

फिट्स आणि इन्सुलिन, या दोन बाबतींत सकाळची वाट बघू नका. फिट्सची गोळी एकदम तुटली तर झटक्यामागून झटके येऊन माणूस दगावू शकतो. लहानपणापासून साखर असलेल्याचं इन्सुलिन एक-दोन दिवस चुकलं की उलट्या, धाप, बेशुद्धी, अशी उतरंड लागते.

जेलमध्ये असलेल्याला घरून गोळ्या देता येतात का?

हातात नाही. मुलाकतीला, म्हणजे जेलमधल्या भेटीला, जाताना पिशवीत टाकून तर नाहीच. परवानगीशिवाय वस्तू आत नेणं हा १८९४च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. गेटवरचा शिपाई गोळी ओळखू शकत नाही, आणि त्याने ओळखावी अशी अपेक्षाही चुकीची आहे.

विडी घरकुलातली एक आई दोन वर्षांपूर्वी दुकानात आली होती. कॅरीबॅग काउंटरवर उलटी केली. आत अकरा पट्ट्या, सगळ्या कात्रीने कापलेल्या. कुठे "झोल" एवढीच अक्षरं, कुठे नुसती एक्स्पायरी, कुठे काहीच नाही. "निळी सकाळची, पांढरी रात्रीची. गेटवर घेत नाहीयेत ओ." अकरांतल्या चार गोळ्या मलाही ओळखता आल्या नाहीत, आणि माझा तर धंदाच हा. पट्ट्या कापलेल्या का होत्या, तर आमच्यासारखे दुकानदारच गरिबाला चार-चार गोळ्या कापून देतात. नावाचा भाग कुठे जातो, इकडे आमचंही लक्ष नसतं. त्या दिवसापासून मी पट्टी कापली तर नावाची बाजू गिऱ्हाइकाला देतो.

चालतो तो रस्ता असा. कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज, सोबत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स आणि सिव्हिलचं (सरकारी रुग्णालयाचं) किंवा खाजगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. औषध आतल्या दवाखान्यात नसेल आणि तिथले डॉक्टर म्हणाले, "आणून द्या," तर अख्खी न कापलेली पट्टी, तिच्यावर नाव आणि बॅच नंबर, सोबत पक्कं बिल. ती डॉक्टरांच्या ताब्यात जाते, कैद्याच्या नाही. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्सच द्या.

मग आत गोळी मिळते कशी?

दाखल होताना तपासणी होते. कारागृह अधिनियमाच्या कलम २४ मध्ये ती आहे. कलम ३९ प्रमाणे प्रत्येक कारागृहात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी. डॉक्टरांना भेटायचंय असं कैद्याने सांगितलं, किंवा तो आजारी दिसला, तर शिपायाने ते विनाविलंब वर कळवायचं, हे कलम ३७. हा कायदा इंग्रजांच्या काळातला, पण हे कलम आजही कामाला येतं. कैद्याने मागितलंच नाही, तर मात्र कलमाचा उपयोग नाही. मुलाकतीत त्याला हेच सांगा: "बरं नाही" असं मोघम म्हणू नकोस, "मला डॉक्टरांना भेटायचंय" असं म्हण.

गोळ्या सहसा एका वेळेपुरत्या आणि समोर गिळायला लावून देतात. बीपी-शुगरसारख्या औषधांच्या बाबतीत काही दिवसांचा साठा जवळ ठेवू देणं न देणं, हे डॉक्टर आणि अधीक्षकांवर.

आत जमण्यासारखं नसेल तर सिव्हिलला पाठवतात. इथे घरच्यांचा गैरसमज होतो. तारीख लागलेली असते, डॉक्टर तयार असतात, पण सोबत न्यायला पोलीस गार्ड लागतो आणि बंदोबस्त कुठे तरी दुसरीकडे असतो. जानेवारीत गड्डा यात्रा, आषाढीला पंढरपूर. त्या दिवसांत शहरात माणूस मोकळा सापडत नाही. महत्त्वाची तपासणी असेल तर वकिलामार्फत कोर्टाकडून तारखेसह आदेश घ्या, म्हणजे गार्डची मागणी कागदावर राहते.

तो म्हणतो, गोळीचा रंग बदलला. फसवताहेत का?

बहुतेक वेळा नाही. कंपनी बदलली की रंग बदलतो. पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळतात का, एवढंच विचारायला सांगा.

झोपेची आणि "नसांची" गोळी आत एकदम बंद केली. असं करता येतं का?

त्यांची अडचण आधी समजून घ्या. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलम, प्रीगाबालिन, ट्रायहेक्झीफेनिडिल, या गोळ्यांना आत भाव असतो. माणूस गालात दाबून ठेवतो, मागून विडीच्या बदल्यात देतो. दुबळ्या कैद्याकडून दांडगे काढूनही घेतात. त्यामुळे नवीन डॉक्टर हात आखडता घेतात.

पण एकदम बंद करणं हे उत्तर नाही. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलम महिनोन् महिने घेतलेल्याची गोळी अचानक तुटली तर त्याला झटके येऊ शकतात. ती हळूहळू उतरवावी लागते. ट्रायहेक्झीफेनिडिलचं वेगळं. नशेसाठी वापरली जाते हे खरं, पण हॅलोपेरिडॉलसारख्या मानसिक आजारावरच्या औषधाने अंग ताठरतं, मान वाकडी होते, त्यावर उतारा म्हणून ती दिलेली असते. एक ठेवून दुसरी काढली तर माणूस लाकडासारखा होतो. हे प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या डॉक्टरांकडून एका ओळीत लिहून आणा: "ही गोळी अमुक कारणासाठी, एकदम थांबवू नये." अशा एका ओळीने काम झालेलं मी पाहिलंय. काउंटरवरच्या भांडणाने झालेलं कधी पाहिलं नाही.

गोळी द्यायची की नाही, हे वैद्यकीय कर्मचाऱ्यानेच ठरवावं, बिगरवैद्यकीय अधिकाऱ्याने ते फिरवू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांतल्या २७व्या नियमात आहे. अर्जात हे लिहायला हरकत नाही.

तो रोज पिणारा. आत जाऊन आपोआप सुटेल ना?

सुटेलही, पण पहिले चार दिवस धोक्याचे. शेवटच्या पेल्यानंतर सहा तासांपासून थरथर सुरू होते, दोन दिवसांपर्यंत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास, घाम, बडबड. भिंतीवर किडे दिसतात, कुणी बोलावतंय असं ऐकू येतं. बराकीतले लोक म्हणतात "नाटक करतोय" किंवा "अंगात आलंय". ही वैद्यकीय आणीबाणी आहे. उपचार आहे, साधा आहे, थायमिनची इंजेक्शनं आणि काही दिवस उतरत्या डोसची गोळी. तो रोज किती प्यायचा, हे लाज न बाळगता खरं सांगा.

शिंदी पिणाऱ्यांच्या घरच्यांनी शिंदी हा शब्द मुद्दाम उच्चारावा. तेलंगणात बनावट शिंदीत अल्प्राझोलम आणि क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणं वारंवार निघालेली आहेत, आणि आपल्या शहराचं तिकडे रोजचं येणंजाणं. असा माणूस दारू नव्हे तर गोळी तुटल्यासारखा वागतो. डॉक्टरला ते कळलं तरच तो बरोबर औषध देईल.

मुलाला मानसिक आजार आहे. आत त्याचं कोण बघणार?

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम १०३ फक्त कैद्यांसाठी आहे. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा असतो, आणि राज्यातल्या किमान एका कारागृहात मानसिक उपचारांचं केंद्र असायला हवं. आपल्याकडून पुढे पाठवायची वेळ आली तर येरवड्याचं मनोरुग्णालय सगळ्यांना माहीत आहे. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी.

रोजची गोळी घेण्याची मारामार असेल तर महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. हॅलोपेरिडॉल आणि फ्लुफेनाझिनची अशी इंजेक्शनं जुनी आणि स्वस्त आहेत. आत चोरीला जात नाहीत, आणि सुटकेच्या गडबडीतही अंगात दोन-चार आठवडे टिकतात. माझ्या मते, ज्याची सुटका कधीही होऊ शकते अशा कच्च्या कैद्यासाठी (ज्याचा खटला अजून चालू आहे) याइतकी सोयीची गोष्ट नाही.

आणि लिथियम, मनाचे चढउतार आवरणारी गोळी. हे सोलापूरकरांनी नीट वाचावं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. घाम जातो, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं, तेव्हा मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं कमी करतं. डोस तोच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरतात, जुलाब-उलट्या होतात, जीभ अडखळते, चालताना तोल जातो. बघणाऱ्याला वाटतं, ऊन लागलं. उन्हाळ्यात मुलाकतीला गेलात तर त्याच्या हातांकडे बघा आणि पाणी मिळतं का विचारा. गेल्या तीन महिन्यांत लिथियमची रक्ततपासणी झाली नसेल तर मागा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तरी लिथियम वाढतं. ही अंगदुखीची गोळी मित्र म्हणून कुणीही देतो.

टीबीची औषधं चालू आहेत. जेल, मग बदली, मग सुटका. कोर्स तुटणार ना?

तुटायला नको, कारण या आजाराची नोंद सरकारी संगणकात माणसाबरोबर फिरते. त्या नोंदीचा निक्षय क्रमांक घ्या, वहीत लिहा. तो दिला की राज्यातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात पुढच्या गोळ्या मिळतात. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. दर महिन्याला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. बँक खातं जोडलेलं आहे का बघा. रिफाम्पिसिनमुळे लघवी भगवी होते, घाबरू नका. मात्र त्याच गोळीमुळे दुसऱ्या बऱ्याच औषधांचा असर कमी होतो, फिट्सच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचाही, म्हणून सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

एचआयव्हीची औषधं मोफत आणि आयुष्यभर. सिव्हिलमध्ये त्यांचं एआरटी केंद्र आहे. राज्याच्या ताब्यात असलेल्या माणसालाही तपासणी आणि उपचारांचा हक्क आहे, हे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात स्पष्ट लिहिलंय. अर्ज करताना आजाराचं नाव बंद लिफाफ्यात द्या. बराकीत नाव फुटलं की त्याचं जगणं अवघड होतं.

सांगून थकलो, औषध मिळतच नाही. तक्रार कुठे?

जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. वकील फुकट मिळतो, कैद्याला तर उत्पन्नाची अटही नाही. फोन १५१००. न्यायालयात अर्ज करताना "हाल होत आहेत" अशी वाक्यं कमी आणि आकडे जास्त लिहा: अमुक औषध, इतके मिलिग्रॅम, अमुक तारखेपासून बंद, त्यानंतर इतके झटके. न्यायाधीश ते वाचून लगेच कारागृहाचा वैद्यकीय अहवाल मागवतात. आजारी किंवा अशक्त आरोपीच्या जामिनाचा विचार करायची मुभा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. अहवाल नीट असेल तर तिथेही तोच कामाला येतो.

सुटकेच्या दिवशी काय मागायचं?

तीन गोष्टी: चालू औषधांची सही-शिक्क्याची यादी, आतल्या तपासण्यांचे रिपोर्ट, आणि जमल्यास आठवडाभराच्या गोळ्या.

अडचण वेळेची. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याची तारीख ठरलेली असते. कच्च्या कैद्याचा जामीन दुपारी होतो, कागद हिंडत हिंडत संध्याकाळी पोचतो, आणि माणूस दिवे लागल्यावर बाहेर येतो. आतले डॉक्टर गेलेले असतात, बाहेरची ओपीडी बंद. मागच्या डिसेंबरात एकजण रात्री नऊला दुकानात आला, करमाळ्याची शेवटची गाडी चुकलेली. हातात जेलमधून परत मिळालेली पिशवी: चपला, पट्टा, बंद पडलेला मोबाइल. "रात्रीची एक पांढरी गोळी द्यायचे," म्हणाला. नाव माहीत नाही. मी दिली नाही, देता येतच नव्हती. त्याला सिव्हिलच्या अपघात विभागात पाठवलं. तो गेला की एसटी स्टँडवर झोपला, कुणास ठाऊक.

म्हणून जामिनाचा अर्ज टाकला त्याच दिवशी वैद्यकीय कागदांचाही अर्ज टाका. जामीन होण्याची वाट बघू नका.

सुटून आलाय. घरात जुन्या गोळ्या आहेत. त्याच डोसने सुरू करू?

नाही. या वहीतलं एकच पान फाडून द्यायचं झालं तर मी हे देईन.

शरीर विसरतं. मानसिक आजाराचं क्लोझापिन दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलं तर परत अगदी थोड्या डोसपासून चढवावं लागतं. एकदम जुना डोस घेतला तर रक्तदाब कोसळतो, हृदय थांबू शकतं. फिट्सचं लॅमोट्रिजिन आठवडाभर चुकलं आणि पूर्ण डोसने सुरू केलं तर अंगावर जीवघेणे पुरळ येऊ शकतात. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच.

सगळ्यांत भयंकर नशेचं. अफूजन्य गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, ब्राऊन शुगर. आत चार महिने काही मिळालं नाही, शरीराची सवय मोडली. बाहेर आल्यावर दोस्त पार्टी देतात, हा जुन्या मापाने घेतो, आणि झोपेतच श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तीस हजारांहून जास्त सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका बाहेरच्या लोकांच्या १२९ पट निघाला. देश वेगळा, पण श्वास थांबण्याचं गणित सगळीकडे सारखंच. पहिले पंधरा दिवस त्याला खोलीत एकटं झोपू देऊ नका. घोरणं विचित्र वाटलं, ओठ निळसर दिसले, हाक मारून उठत नसेल तर कुशीवर वळवा आणि १०८ लावा. काय घेतलंय ते खरं सांगा.

दारू सोडवण्याची डायसल्फिराम गोळी चालू असेल तर "सुटल्याचा एक पेग" हॉस्पिटलात नेतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो.

मे महिना आहे, घरी फ्रिज नाही. इन्सुलिन कुठे ठेवू?

मडक्यात. बाटली प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून पाण्याच्या माठात सोडा, किंवा दोन मडक्यांच्या मधे ओली वाळू. उघडलेली बाटली महिन्याभरात संपवा. पत्र्याच्या खोलीत कपाटात ठेवलेलं इन्सुलिन मे महिन्यात बाद झालं म्हणूनच समजा. गढूळ नसलेलं इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाका. बर्फाला टेकवू नका.

औषधाला पैसे नाहीत.

गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय, इथे ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे. बीपी, शुगर, फिट्सच्या साध्या गोळ्या तिथे असतात. मानसिक आजारासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, ते तिथल्या सिस्टरांना विचारा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलतात. विकतच घ्यायचं तर जनऔषधी केंद्र. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

डॉक्टरला जेलचं सांगायचं का? दुकानदाराला?

डॉक्टरला सांगा, किती महिने कुठलं औषध तुटलं, हे त्याशिवाय त्याला कळणार नाही. गुन्हा कोणता, हे सांगायची गरज नाही. दुकानदाराला प्रिस्क्रिप्शन द्या, बस्स. शेजारी विचारतील, "कसली गोळी?" बीपीची म्हणा.

संचित रजेवर (फर्लोवर) आलाय, रजा संपली की परत जेलमध्ये जायचंय.

येताना गोळ्या आणल्या असतील तर त्या मोजा, परत जायच्या दिवशीची धरून. बाहेर डॉक्टरांनी डोस बदलला तर नवीन प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स त्याच्याबरोबर गेटपर्यंत गेली पाहिजे, नाही तर आत जुनाच डोस सुरू होतो.

खिशात ठेवायला काय लिहून देऊ?

एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेला. आमच्याकडे गेल्या वर्षी एका यंत्रमाग कामगाराच्या बायकोने असा आणला होता, शाळकरी मुलीच्या अक्षरात:

"फिट्स, २०१४ पासून. फेनिटॉइन १०० मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री दोन. एकदम बंद करू नये. सल्फाच्या गोळीने अंगावर उठतं. रक्तगट बी पॉझिटिव्ह. पप्पांना झटका आला तर तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा."

खाली मुलीने घरच्यांचा नंबर लिहिला होता, आणि नंबरच्या पुढे: "रात्री पण उचलतो."